आटणी

वाटणीत सर्जादादाला शेड आली,
शेडबरोबर थ्री-फेज मीटर.
मला बँडसॉ.
चौघांनी टेम्पोत चढवला. उद्यमनगरातून निघून
पाचगावच्या चढाला लागलो तेव्हा
त्याची चाकं आपल्याच वजनानं
थोडी थोडी फिरत होती.

घरी एकच फेज. पंखा, मिक्सर, टीव्ही.
महावितरणच्या खिडकीतला माणूस म्हणाला,
खांब लांब पडतोय ताई, खर्च तुमच्याकडं.
आकडा ऐकला,
अर्जाची घडी केली, पिशवीत ठेवला.
पण पॅटर्न कुणासाठी थांबत नाहीत.
शिरोलीच्या फाउंड्रीला पंपाचं घर हवं होतं,
सागवानात, सोमवारपर्यंत.

लक्ष्मीपुरीत पायगोंडांनी काउंटरवर
दोन ड्राइव्ह शेजारी शेजारी मांडले.
एक दोन हॉर्सपॉवरचा, जेवणाच्या डब्याएवढा, स्वस्त.
दुसरा तीनचा.
"मोटार दोनची न्हवं? मग कागदावर दोनचा बसतोय.
पण बँडसॉ हाय तुमचा. बिडाची चाकं.
उठतानाच जीव घेत्यात. तीनचा न्या."
मला वाटलं, गिऱ्हाईक बघून बोलतोय.

मग आप्पांची पट्टी आठवली.
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा लांब,
शंभराला एक.
बीड थंड होताना आटतं,
म्हणून लाकूड आधीच जरा मोठं करायचं.
नवी पोरं हसायची, खोटी पट्टी म्हणायची.
आप्पा म्हणायचे, खोटी न्हाई रं,
फुडचं बघून आखल्याली हाय.

तीनचा घेतला.

दस्तगीरभाईंनी मोटारीचं झाकण काढलं.
बाहेर तीनच वायरी.
"स्टारची गाठ आत मारलीया. ही मागतीया चारशेपंधरा,
तुमच्या ड्राइव्हातनं येणार दोनशेतीस.
डेल्टा केल्याबिगर हिच्यात जोर न्हाई."
वार्निश तापवून मऊ केलं, दोरा कापला.
काळ्या कापडाखाली तीन टोकं
एकमेकांत पिळून झाळलेली,
तीस-बत्तीस वर्षांची.
त्यांनी ती एकेक सुटी केली,
प्रत्येकीला आपापली वायर दिली.
"गाठ सोडली की कमी व्होल्टात बी तेवढंच काम करती बघा."
मी चहाचा कप खाली ठेवला. बोलले नाही.

आप्पांचा स्टार्टर काढावा लागला.
ड्राइव्ह आणि मोटारीच्या मध्ये
तिसरं कुणी चालत नाही.
बटणं मात्र ठेवली. हिरवं, लाल.
आता त्यांतून नुसता निरोप जातो, चोवीस व्होल्टचा.
भुसा बसू नये म्हणून ड्राइव्हला पत्र्याची पेटी केली,
जाळीला जुन्या साडीचा तुकडा.

लाल आकडे विचारत होते:
शून्यापासून पन्नासवर जायला किती सेकंद?
पुस्तकात पाच लिहिलेत.
आप्पा हिरवं बटण दाबायचे, मग चंची उघडायचे.
चिमूट, चुना, अंगठ्यानं मळणं,
दोन थापट्या, ओठाखाली.
तेवढ्यात पातं सुरात आलेलं असायचं.
मी घड्याळ समोर ठेवून
रिकाम्या तळव्यावर सगळं करून बघितलं.
अकरा.
अकरा भरले.

दाबलं.
शेडमध्ये असं दाबलं की
अख्ख्या ओळीचे बल्ब मान खाली घालायचे.
इथं शेजारच्या टीव्हीतली बाई
न अडखळता भांडत राहिली.
चाकं उठली, सावकाश, कुणी न ढकलता.
आणि वर एक बारीक शिट्टी,
आप्पांच्या काळी नव्हती ती.
पुस्तकात ती घालवायची युक्ती आहे,
पुढं कुठंतरी. बघू.

फोन वाजला. सर्जादादा.
"लागलं का चालू?"
लागलं.
"ऐकव."
मी फोन पात्यापासून हातभर लांब धरला.
"शिट्टी कसली गं?"
सिंगल फेजची, म्हटलं. मोडंल सवय.
तो काही बोलेना. वाटलं, ठेवला.
"धर जरा तसाच," म्हणाला.

फोनवर भुसा बसत होता.